मंडाले, व्हाया रत्नागिरी

"अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो..."

हे वाक्य पाठ नसलेला मराठी मीडियमचा माणूस मला अजून भेटायचाय. १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. आधी शेंगांची टरफलं, मग एकदम मंडालेचा तुरुंग, मग गीतारहस्य, आणि "एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो". नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कळसाडीत मी हे भाषण ओळीने चार वर्षं ठोकलंय. आप्पाच (म्हणजे आमचे वडील) मास्तर असल्यामुळे पळवाट नव्हती :) पण मंडाले म्हणजे नक्की कुठे, हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. अंदमानच्या आसपास कुठेतरी असेल, असं धरून चाललो होतो.

आप्पांना ठाऊक होतं. रिटायर झाल्यापासून त्यांची एकच फर्माईश, एकदा मंडाले दाखव. आणि माझं एकच उत्तर, "पुढच्या वर्षी नक्की". रिलीज, ऑनसाइट, घराचा हप्ता, पुन्हा रिलीज... तुम्हाला वेगळं सांगायला नको. मग फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारच्या लष्कराने सत्ता ताब्यात घेतली आणि देशात यादवी पेटली. २८ मार्च २०२५ ला भूकंप झाला, त्यात मंडालेची पार दैना झाली. त्या रात्री फोनवर आप्पा एवढंच म्हणाले, "राहिलंच मग ते." रागावले असते तर परवडलं असतं.

तर मंडळी, त्या अपराधी भावनेत असतानाच मला एका टूरवाल्याची जाहिरात दिसली. 'ब्रह्मी संस्कृती आणि बौद्ध वारसा दर्शन'. तीन दिवस, रत्नागिरी, गोराई, इगतपुरी, सोबत गाईड. व्हिसा नको, विमान नको. आई-आप्पा, शेजारचे नाना-नानी आणि मी, असे पाच जण निघालो. टूर वाईट होती असं अजिबात नाही. गाडी वेळेवर, जेवण चांगलं, गाईड पोरगा हसतमुख. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा लेखप्रपंच.

पहिला मुक्काम रत्नागिरी, थिबा पॅलेस. गाईडचं पाठांतर एकदम पक्कं. "१९१० साली उभा राहिलेला हा राजवाडा. ब्रह्मदेशाचे राजे थिबा यांचं इथे वास्तव्य होतं. खिडक्यांचं कोरीवकाम बघा, संगमरवरी फरशी बघा, इथून खाडीचा व्ह्यू सुंदर दिसतो. फोटोला पंधरा मिनिटं." सगळे फोटो काढायला पांगले. आप्पा जागचे हलले नाहीत. थोड्या वेळाने माझ्याकडे वळून अहिराणीत म्हणाले, "हाऊ वाडा शे का जेल?"

गाईडला वाटलं काकांनी जोक केला. "राजवाडाच आहे काका, बोर्ड बघा ना!"

माझं म्हणणं एवढंच आहे की आप्पांचा प्रश्न बरोबर होता आणि गाईडचं उत्तर चुकलं. घोळ सगळा 'वास्तव्य' या एका शब्दात आहे.

जरा मागे जाऊ. १८८५ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन नावाच्या कंपनीला थिबाच्या दरबाराने दंड ठोकला. ठरल्यापेक्षा जास्त सागवान बाहेर नेलं असा आरोप होता. (होय, 'बॉम्बे' म्हणजे आपली मुंबईच. कंपनी १८६३ ची.) इंग्रजांना निमित्तच हवं होतं. नोव्हेंबरमध्ये लढाई सुरू झाली आणि महिन्याच्या आत मंडाले पडलं. राजा, गरोदर राणी सुपायालात आणि मुली यांना आधी रंगून, मग मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये बोटीने रत्नागिरीला आणलं. रत्नागिरीच का? कारण तिथे रेल्वे नव्हती आणि पावसाळ्यात बोटीही बंद. (कोकण रेल्वे पूर्ण व्हायला १९९८ उजाडलं.) राजा पळणार कसा आणि त्याला भेटायला येणार कोण!

तेव्हा थिबा २७ वर्षांचा होता. मी २७ चा असताना दुसरी कंपनी बदलत होतो. डिसेंबर १९१६ मध्ये, वयाच्या ५७ व्या वर्षी तो रत्नागिरीतच गेला. मधली तीस वर्षं दारावर पोलीस. बाहेर पडायचं तर परवानगी. सरकारी तनख्यात भागत नाही म्हणून दागिने विकायचे, सावकारांचं कर्ज काढायचं. ज्या 'राजवाड्या'चे आपण फोटो काढतो तो उभा राहिला १९१० मध्ये, म्हणजे कैदेची चोवीस वर्षं उलटल्यावर. राजाच्या वाट्याला तो जेमतेम सहा वर्षं आला.

गंमत बघा, मराठीत यासाठी अचूक शब्द आहे आणि तो आपण रत्नागिरीसाठीच वापरतो. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत होते, त्याला आपण 'स्थानबद्धता' म्हणतो. 'सावरकरांचं रत्नागिरीत वास्तव्य होतं' एवढंच म्हणून कुणी विषय संपवला तर आपल्याला खटकेल. मग थिबाच्या तीस वर्षांचं वास्तव्य कसं झालं?

आता मंडालेकडे या. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, १८५६ चा. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मंडालेला नेलं. ज्या तुरुंगात ठेवलं तो होता मंडालेच्या किल्ल्याच्या तटबंदीच्या आत. किल्ला कुणाचा? थिबाच्या बापाने, मिंदोन राजाने बांधलेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदेत आणि रत्नागिरीचा माणूस त्या राजाच्या किल्ल्यात कैदेत, दोघेही एकाच वेळी, १९०८ ते १९१४! १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक तिकडे पेन्सिलीने गीतारहस्य लिहीत होते, आणि त्याच हिवाळ्यात थिबाचं कुटुंब इकडे नव्या वाड्यात सामान लावत होतं. त्याआधी दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेऊन टाकलं होतंच. तो १८६२ मध्ये तिथेच वारला. माणूस उचलायचा आणि जिथे त्याचं कुणी नाही तिथे नेऊन ठेवायचा, ही इंग्रजांची ठरलेली पद्धत होती.

हे सगळं गाईडला दोन मिनिटांत सांगता आलं असतं. बसमधल्या प्रत्येकाने लहानपणी मंडालेवर भाषण ठोकलेलं. पाठ असलेल्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग समोर उभा होता आणि आम्ही खाडीचा व्ह्यू बघत होतो.

इथे एक-दोन आक्षेप येणार, ते आधीच घेतो. पहिला म्हणजे थिबा काही संत नव्हता, टिळकांशी तुलना कशाला? कबूल. तो गादीवर आल्यावर १८७९ मध्ये राजघराण्यातल्या भाऊबंदांची कत्तल झाली, हा इतिहास आहे. तेही सांगा की! कैदी चांगला होता की वाईट यावर कैद ही कैद आहे की नाही ते ठरत नाही.

दुसरा आक्षेप आमच्याच गाडीत आला. नाना म्हणाले, "लोक फिरायले येतात भाऊ, रडायले नाही." यात तथ्य आहे. मीही सुट्टीत डोक्याला ताप नको म्हणणाऱ्यांतला आहे. पण आपण रायगडावर जातो, अंदमानला सेल्युलर जेल बघतो, तेव्हा कुणी म्हणतं का की फक्त दगड आणि समुद्र दाखवा? तिथे खरं ऐकायला आपल्याला आवडतं, कारण तिथे सोसणारे आपले असतात. थिबाच्या बाबतीत सोसणारा परका आहे आणि कैदखाना आपल्या गावात आहे. अडचण तिथेच आहे, असं मला वाटतं.

आणि परका तरी कुठे राहिला? थिबाची धाकटी मुलगी रत्नागिरीतच जन्मली, १८८७ मध्ये. थोरल्या राजकन्येचं मन वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडलं आणि त्यांना १९०६ मध्ये मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये कुटुंबाला मायदेशी जाऊ दिलं, पण ही आई लेकीला घेऊन रत्नागिरीला परत आली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीत मराठी बोलत, गरिबीत संसार करत म्हातारी झाली आणि २००० मध्ये वारली. माझ्या कॉलेजच्या दिवसांत ती हयात होती, राव! 'ब्रह्मी संस्कृती' म्हणून टूरमध्ये दाखवायला याहून जवळचं काय असणार? गाईडच्या पाठांतरात ती नव्हतीच.

थिबाची समाधीही कार्यक्रमात नव्हती. आप्पांनी हट्ट धरला म्हणून ड्रायव्हरने मॅप लावून नेलं. राजाची आणि त्याच्या धाकट्या राणीची. आजूबाजूला नेहमीची वस्ती, गाड्या, दुचाक्या. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले होते. आम्ही गेलो तेव्हा आम्ही पाच, ड्रायव्हर आणि एक मांजर. आप्पांनी चपला काढून हात जोडले. गाईड गाडीतच बसून होता, "लेट होतंय" म्हणत.

दुसऱ्या दिवशी गोराई. भाईंदरवरून रस्त्याने गेलो. ग्लोबल विपश्यना पॅगोडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी बघितला असेल. २००९ मध्ये खुला झालेला, रंगूनच्या श्वेडगॉनच्या धर्तीवरचा, उंची सुमारे ९६ मीटर. आत एकही खांब नाही, आठ हजार माणसं बसतील एवढा घुमट. (इंजिनिअर माणूस मान वर करून नुसता बघत राहतो. स्ट्रक्चरलवाल्या मित्रांना दंडवत!) ज्यांच्या पुढाकाराने तो उभा राहिला त्या सत्यनारायण गोयंकांचा जन्म कुठला? मंडालेचा, १९२४ चा. रंगूनच्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकून ते १९६९ मध्ये भारतात आले. भारतात जवळजवळ विसरली गेलेली ही साधना ब्रह्मदेशाने जपून परत दिली, या कृतज्ञतेतून हा ब्रह्मी आकाराचा पॅगोडा बांधलाय.

तिसऱ्या दिवशी इगतपुरी, धम्मगिरी. १९७६ पासून तिथे शिबिरं चालतात. आत दहा दिवसांचं मौन, त्यामुळे आमच्यासारख्या हौशी पर्यटकांनी बाहेरूनच बघायचं, आणि ते योग्यच आहे. तिथून पुढे घरचा रस्ता. गाडीत मी आप्पांना विचारलं की बौद्ध वारसा तर दिसला, पण राजाचा त्याच्याशी काय संबंध? मास्तरांना जोर आला. म्हणाले, थिबाच्या बापाने मंडालेत अख्खं त्रिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरून घेतलंय. थिबा स्वतः तरुणपणी मठात शिकून धर्माची परीक्षा पास झालेला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांना दीक्षा देणारे भिक्खू चंद्रमणी, तेही मूळचे ब्रह्मदेशाचेच.

म्हणजे हिशोब मांडला तर काय दिसतं? त्या देशाने आपल्याला दीक्षा देणारा भिक्खू दिला, साधना दिली, पॅगोड्याचा आकार दिला. आणि त्यांचा राजा आपल्या कोकणात तीस वर्षं कैदेत राहून मेला. कैद इंग्रजांची होती, आपली नाही, हे खरं. पण आज तिथे तिकीट काढून उभे राहणारे आपण आहोत आणि तिथे कुठला शब्द वापरायचा तेही आपल्याच हातात आहे. राजवाडा पाडा किंवा काळा रंग द्या असं कुणी म्हणत नाही. खिडक्या दाखवा, फरशी दाखवा, फोटोही काढा. फक्त सुरुवातीला 'वास्तव्य'च्या जागी 'कैद' म्हणा, नंतर मंडालेतल्या टिळकांचं नाव घ्या, आणि शेवटी गाडी समाधीपर्यंत न्या. खर्च शून्य. आमच्या भाषेत सांगायचं तर एका ओळीचा बदल आहे, रिव्ह्यूलाही वेळ लागणार नाही.

मी तसं फीडबॅक फॉर्मवर लिहून दिलंय. उत्तर आलेलं नाही. तुम्ही रत्नागिरीला गेलात तर तुमच्या गाईडला आप्पांचा प्रश्न जरूर विचारा. चार-पाच जणांनी विचारला तरी त्याचं पाठांतर बदलेल.

आप्पांचं मंडाले राहिलं ते राहिलंच, रत्नागिरीने त्याची भरपाई झाली असं मी म्हणणार नाही. पण गावातली पोरं अजूनही १ ऑगस्टचं भाषण लिहून घ्यायला त्यांच्याकडे येतात. परवा फोनवर म्हणाले, आता भाषणात मंडालेनंतर दोन ओळी थिबाच्या घालणार आहेत. टरफलांचा किस्सा जरा आवरता घ्यावा लागेल, पण घालणार.

असो. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो :)