ठोके, मांड्या आणि मधले रक्त

१७ डिसेंबर २०२४ रोजी दिल्लीत ‘फिट इंडिया’च्या सायकल मोहिमेला प्रारंभ झाला आणि तेव्हापासून रविवारची सकाळ सायकलवर घालवण्याचे आवाहन देशभर होत आहे. हे आवाहन स्वागतार्हच आहे. मात्र त्याच्या जोडीने दोन समजुतीही गावोगावी पोहोचत आहेत. मनगटावरच्या घड्याळात दिसणारी हृदयगती म्हणजे दमसासाचे प्रमाणपत्र, ही पहिली. मांडीचा घेर म्हणजे सायकलस्वाराची ताकद, ही दुसरी. दोन्हींत सत्याचा अंश आहे, म्हणूनच त्या चिवट आहेत. पण त्यांच्या आधारावर मुलांची निवड होऊ लागली, घरचा पैसा खर्च होऊ लागला आणि प्रकृतीचे निदान दुर्लक्षित राहू लागले, तर प्रश्न केवळ हौशीचा राहत नाही.

हा प्रश्न पाहण्यासाठी भिलाईइतके योग्य शहर क्वचितच सापडेल. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारातून येथील पोलाद कारखाना उभा राहिला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याबरोबर सेक्टरांत आखलेली नगरी वसली. रस्ते रुंद आणि भूमी जवळजवळ सपाट. पाळी बदलताना कामगारांच्या सायकलींनी हे रस्ते भरून जात. विदर्भातून येऊन येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतही सायकल हे आधी वाहन होते, व्यायामाचे साधन ती फार नंतर झाली. आज त्याच रस्त्यांवर पहाटे गिअरच्या सायकली आणि चमकणारी घड्याळे दिसतात. नागपूर येथून अडीचशे किलोमीटरवर. तेथील डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिकेचा पूर्व-पश्चिम पट्टा ओलांडणारी सुमारे ४,९०० किलोमीटरची ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याच वर्षी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनीही ती पूर्ण केली. २०१५ मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी तीच शर्यत दोघांच्या संघाने पार केली होती. या प्रदेशाला आदर्शांची वाण नाही. कमतरता आहे ती योग्य मोजमापाची.

आधी हृदयगतीचा विचार करू. सायकल चालवताना स्नायूंना ऑक्सिजन लागतो आणि तो रक्तातून येतो. १८७० मध्ये जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिक यांनी या व्यवहाराचा हिशेब एका ओळीत मांडला. शरीराने मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन म्हणजे तीन राशींचा गुणाकार: मिनिटातील ठोके, एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त आणि प्रत्येक लिटर रक्तातून स्नायूंनी उचललेला ऑक्सिजन. घड्याळ या तिघांपैकी फक्त पहिली राशी दाखवते.

पहिली राशी सर्वांत सहज मोजता येते आणि क्षमतेविषयी सर्वांत कमी सांगते. सामान्य तरुणाचे हृदय कमाल श्रमात एका ठोक्याला सुमारे १०० मिलिलिटर रक्त ढकलते; वर्षानुवर्षे तयारी केलेल्या खेळाडूचे हृदय १५० ते २०० मिलिलिटर. दोघांची कमाल हृदयगती मात्र सारखी असू शकते. १९९१ ते १९९५ अशी सलग पाच वर्षे ‘टूर द फ्रान्स’ जिंकणाऱ्या मिगेल इंदुराइन यांची विश्रांतीच्या वेळची हृदयगती मिनिटाला २८ होती असे सांगितले जाते. त्यांचे मोठेपण त्या संथ गतीत नव्हते. एका ठोक्यात इतके रक्त जात असे की हृदयाला घाई करण्याची गरजच पडत नसे. संथ गती हा त्या सामर्थ्याचा परिणाम होता.

‘२२० वजा वय’ हे कमाल हृदयगतीचे सूत्रही असेच प्रतिष्ठा पावले आहे. १९७१ च्या एका लेखातील विखुरलेल्या बिंदूंमधून अंदाजाने ओढलेली ही रेषा. एकाच वयाच्या निरोगी माणसांची प्रत्यक्ष कमाल गती या सूत्राच्या उत्तरापासून दहा-बारा ठोक्यांनी इकडेतिकडे असणे अगदी नेहमीचे आहे. २००१ मध्ये सुचवलेले ‘२०८ वजा वयाच्या सात दशांश’ हे सूत्र अधिक नेटके आहे, पण व्यक्ती-व्यक्तींमधील फरक तेही पुसू शकत नाही. त्यातच भिलाईचा मे महिना. पारा ४४-४५ अंशांवर गेला की शरीर थंड ठेवण्यासाठी बरेच रक्त त्वचेकडे वळते, घामाने रक्तातील पाणी कमी होते आणि त्याच वेगाला हृदयगती चढत जाते. घड्याळाला यातले काही ठाऊक नसते. तो हिरवा प्रकाश मनगटावर टाकतो आणि परतणाऱ्या प्रकाशातील चढउतार मोजतो, एवढेच. हँडलची घट्ट पकड आणि रस्त्याचे हादरे यांनी तो चढउतारही बिघडतो.

आता मांडीकडे वळू. स्नायूचे बल त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून जाड मांडी जोरदार धक्का देते यात शंका नाही. बंदिस्त ट्रॅकवरच्या स्प्रिंटमध्ये निकाल दहा सेकंदांच्या आसपासच्या स्फोटक प्रयत्नावर ठरतो आणि तेथे हे बल निर्णायक असते. २०२२ मध्ये दिल्लीत आशियाई स्पर्धेच्या स्प्रिंटमध्ये रौप्यपदक मिळवणारा रोनाल्डो सिंग किंवा त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर उतरलेली महाराष्ट्राची मयूरी लुटे यांच्या प्रकाराला अशाच पायांची गरज असते. पण या बळाची मुदत किती? प्रचंड मांड्यांसाठी ख्यातनाम असलेला जर्मन ट्रॅक सायकलपटू रॉबर्ट फोर्स्टमान याने सायकलवर वीज निर्माण करून ७०० वॅटचा टोस्टर चालवला. पावाचा एक तुकडा भाजून होईपर्यंत तो गलितगात्र होऊन जमिनीवर आडवा झाला. त्या मांड्यांचा भरवसा जेमतेम मिनिटभराचा.

याचे कारणही फिक यांच्याच कामात सापडते. गणित आणि भौतिकशास्त्राकडून वैद्यकाकडे आलेल्या या शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये विसरणाचा नियम मांडला होता. त्यातून निघणारा निष्कर्ष असा की, अंतर दुप्पट झाले तर पदार्थाला विसरणाने ते पार करण्यास सुमारे चौपट वेळ लागतो. केशवाहिनीतील ऑक्सिजन स्नायुतंतूच्या गाभ्यापर्यंत विसरणानेच पोहोचतो. तंतू फुगला आणि केशवाहिन्या त्या प्रमाणात वाढल्या नाहीत, तर गाभा उपाशी राहतो. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याचे पाय म्हणूनच बहुधा सडपातळ असतात: बारीक तंतू, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचे दाट जाळे आणि आत ऑक्सिजन वापरणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांची गर्दी. चढावर तर शरीराचा प्रत्येक किलो वर उचलावा लागतो. जे वजन ऊर्जा देत नाही ते ओझेच ठरते.

ठोके हृदयाचे, घेर मांडीचा. आणि दोहोंच्या मध्ये वाहणारे रक्त या चर्चेतून गायब असते. खरी चिंता येथे आहे.

दोन तरुण कल्पावेत. वजन सारखे, मांड्या सारख्या, कमाल हृदयगती दोघांचीही १९०, एका ठोक्यातील रक्त १०० मिलिलिटर. म्हणजे दोघांचेही हृदय मिनिटाला १९ लिटर रक्त फिरवते. पहिल्याचे हिमोग्लोबिन १५, दुसऱ्याचे १०. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. त्यामुळे पहिल्याच्या लिटरभर रक्तात सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, दुसऱ्याच्या १३४. त्यातला तीन चतुर्थांश स्नायूंनी वापरला असे धरले तर पहिल्याला मिनिटाला २.८५ लिटर ऑक्सिजन मिळतो, दुसऱ्याला १.९ लिटर. एक लिटर ऑक्सिजनमागे सुमारे २१ किलोज्यूल ऊर्जा आणि त्यातील २२ टक्के पेडलपर्यंत पोहोचते असे मानल्यास पहिला सुमारे २२० वॅट देतो, दुसरा १४५. एक तृतीयांश शक्ती नाहीशी झाली, आणि घड्याळात व मापनपट्टीवर दोघे तंतोतंत सारखे!

भिलाईच्या सपाट रस्त्यावर ही तूट डोळ्यांनाही नीट दिसत नाही. हवेच्या अवरोधाशी झगडण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनानुसार वाढते. त्यामुळे शक्ती एक तृतीयांशाने घटली तरी सपाटीवरचा वेग सुमारे आठव्या हिश्श्यानेच घटतो. ताशी ३१ किलोमीटरऐवजी २७ च्या आसपास. ‘आज जरा थकवा आहे’ एवढ्यावर ते भागते. हाच मुलगा केशकालच्या घाटात चढाला लागला की वेग जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कोसळतो. तेव्हा त्याला सांगितले जाते की पाय कमकुवत आहेत, प्रोटीन पावडर घे.

हे काल्पनिक उदाहरण अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यातल्या बहुतेकींचे हिमोग्लोबिन दहापर्यंत उतरलेले नसेल. पण घट जेवढी, तेवढ्या प्रमाणात क्षमतेला कात्री लागतेच. सायकल स्पर्धेत ‘मुलींचा दम कमी पडतो’ असे सहज बोलले जाते, तेव्हा त्या वाक्यात लोहाच्या कमतरतेचा वाटा किती, हे कोणी तपासत नाही. रक्तक्षयात हृदय तीच गरज अधिक ठोक्यांनी भागवू पाहते. घड्याळ त्याला ‘तीव्र व्यायाम’ असे गौरवपूर्ण नाव देते.

छत्तीसगड आणि विदर्भ यांना आणखी एक वारसा आहे, सिकल सेलचा. त्याच्या उच्चाटनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. सिकल सेलचे केवळ वाहक असलेले लोक सामान्यतः निरोगी असतात आणि त्यांनी खेळू नये असे मुळीच नाही. मात्र तीव्र उष्मा, पाण्याची कमतरता आणि एकाएकी केलेला कमाल श्रम हे तिन्ही एकत्र आले तर अशा व्यक्तीला जिवावर बेतणारा त्रास क्वचित होऊ शकतो. उपाय साधे आहेत: वाहकत्व माहीत असणे, हळूहळू तयारी, पुरेसे पाणी, उन्हाच्या वेळा टाळणे आणि त्रास होताच थांबण्याची मुभा. मे महिन्यात ‘ठोके १९० पर्यंत ने’ असे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला ही माहिती नसणे परवडणारे नाही.

यावर कोणी म्हणेल की घड्याळामुळे निदान लोक घराबाहेर तरी पडतात. हे खरे आहे, आणि हृदयगती निरुपयोगीही नाही. त्याच माणसाची, त्याच श्रमाला, सारख्या हवेत मोजलेली गती महिन्यामहिन्याने उतरत गेली, तर ती प्रगतीची उत्तम खूण असते. अट एवढीच की श्रम किती झाला हे माहीत हवे. वॅटशिवाय ठोके म्हणजे लिटर न मोजता सांगितलेले मायलेज.

तो श्रम मोजायला महागडी यंत्रे लागतातच असेही नाही. १९४३ मध्ये हार्वर्डच्या प्रयोगशाळेत तयार झालेली पायरी चाचणी आजही पुरेशी बोलकी आहे. सुमारे ५१ सेंटिमीटर उंचीची पायरी, मिनिटाला ३० वेळा चढ-उतार, जास्तीत जास्त पाच मिनिटे आणि त्यानंतर उतरत जाणाऱ्या नाडीची मोजणी. ६० किलोच्या व्यक्तीला केवळ वर चढण्यासाठी सुमारे १५० वॅट द्यावे लागतात, म्हणजे किलोमागे अडीच वॅट. शक्ती ठरलेली असल्यामुळे येथे नाडीला अर्थ येतो. एक भक्कम बाक, एक घड्याळ आणि एक जाणता शिक्षक एवढ्यावर ही चाचणी कोणत्याही शाळेत होते. लहान मुलांसाठी बाक ठेंगणा घ्यावा आणि नाडी अपेक्षेहून फार संथपणे उतरली तर रक्ततपासणी करावी.

सायकलच्या राष्ट्रीय मोहिमेला विज्ञानाचे अधिष्ठान द्यायचे असेल तर क्रम बदलावा लागेल. शाळा आणि क्रीडासंस्थांनी निवड चाचणीपूर्वी हिमोग्लोबिन व सिकल सेलची तपासणी करावी. तिचा अहवाल मुलाला वगळण्यासाठी वापरू नये. त्याच्यावर उपचार करण्यासाठी आणि त्याला जपण्यासाठी वापरावा. निवडीत मांडीच्या घेराऐवजी किलोमागील वॅट पाहावेत, तेही दहा सेकंदांचे वेगळे आणि वीस मिनिटांचे वेगळे, म्हणजे स्प्रिंटचा खेळाडू आणि दूर पल्ल्याचा खेळाडू एकाच तराजूत तोलले जाणार नाहीत. भिलाईत आयआयटी आहे, पोलाद कारखान्याचे मोठे रुग्णालय आहे, शाळा आहेत आणि सायकलीची सहा दशकांहून जुनी सवय आहे. स्वस्त शक्तिमापक बनवणारे विद्यार्थी, रक्त तपासणारे डॉक्टर आणि सायकल चालवणारी मुले एकमेकांपासून काही किलोमीटरवर राहतात. त्यांची भेट घडवून आणण्याला मोठे अंदाजपत्रक लागत नाही.

एखाद्या घरात मुलासाठी किंवा मुलीसाठी काही हजारांचे घड्याळ किंवा प्रोटीनचा डबा घेण्याचा विचार चालू असेल, तर त्याआधी हिमोग्लोबिनची एक तपासणी करून घ्यावी. सरकारी रुग्णालयात ती नाममात्र खर्चात होते. आकडा कमी निघाला, तर त्या मुलाचे पाय कमकुवत नाहीत आणि त्याची जिद्दही कमी पडत नाही, हे त्याला त्याच दिवशी सांगावे.