शेवटच्या अंकाची सक्ती

२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील फिनिक्स येथे नॅस्कार मोटारशर्यतींच्या हंगामातील अखेरची शर्यत झाली. नियोजित ३१२ फेऱ्यांपैकी जेमतेम तीन उरल्या असताना डेनी हॅमलिन आघाडीवर होता. त्या दिवशीच्या २०८ फेऱ्या त्याने आघाडीवरच काढल्या होत्या, हंगामात सहा शर्यती जिंकल्या होत्या आणि वीस हंगाम हुलकावणी देणारे अजिंक्यपद हाताशी आले होते. तेवढ्यात विल्यम बायरनच्या गाडीचा टायर गेला, गाडी भिंतीवर आदळली आणि पिवळा बावटा फडकला. हॅमलिनने चारही टायर बदलले, काइल लार्सनने दोनच. त्यामुळे लार्सन पुढे निघाला. वाढीव दोन फेऱ्यांनंतर तो तिसरा आला आणि अजिंक्य ठरला. त्या शर्यतीत तो एका फेरीपुरताही आघाडीवर नव्हता. मे महिन्यानंतर त्याने एकही शर्यत जिंकली नव्हती.

लार्सन थोर चालक आहे, याविषयी वाद नाही. वाद आहे तो त्याला मुकुट चढवणाऱ्या पद्धतीशी.

२००३ पर्यंत वर्षभरातील सर्व शर्यतींच्या गुणांची बेरीज होई व जास्त गुणांचा चालक अजिंक्य ठरे. त्या वर्षी मॅट केन्सेथ एकच शर्यत जिंकून अजिंक्य झाला. आठ शर्यती जिंकणारा रायन न्यूमन सहावा राहिला. हे नीरस आहे अशी ओरड झाली. २००४ मध्ये नव्या प्रायोजकाबरोबरच अखेरच्या दहा शर्यतींची बादफेरी आली. २०१४ पासून तर सोळा चालकांतून गाळत गाळत चार उरवायचे आणि अखेरच्या एका शर्यतीत त्या चौघांत जो पुढे राहील त्याला किताब द्यायचा, असे ठरले. समर्थन एकाच शब्दाचे: नाट्य.

हा शब्द आम्ही वर्गात शिकवतो, म्हणून या समर्थनाची चीड येते. उत्कर्षबिंदू हा आधीच्या अंकांनी कमावलेला असतो. इथे प्रत्येक अंकानंतर पात्रांचे पूर्वचरित्रच पुसले जाते आणि शेवटी उरतो तो योगायोग. पाचव्या अंकात अचानक मृत्युपत्र सापडणाऱ्या जुन्या नाटकांना आपण हसतो. मग फुटक्या टायरला नाट्य का म्हणायचे?

प्रतिपक्षाचा सर्वांत सबळ पुरावा आम्हीच देतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये मार्टिन्सविलच्या शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेनने गाडी भिंतीला टेकवली, वेग कमी करण्याऐवजी पूर्ण दाबला आणि दहाव्या क्रमांकावरून पाचवा येऊन अंतिम चौघांत शिरला. लहानपणीच्या व्हिडिओ गेममध्ये त्याने ही क्लृप्ती केली होती. ते दृश्य पाहताना आमचाही श्वास अडखळला, हे कबूल. पण पुढल्या हंगामाआधी नॅस्कारनेच तसे करण्यास मनाई केली. म्हणजे पद्धतीने जे सर्वोत्तम दृश्य दिले, तेच पद्धतीच्या मालकांना पुन्हा नको होते!

त्याच मैदानावर २०२४ मध्ये या नाट्याची दुसरी बाजू दिसली. आपापल्या उत्पादकाच्या उमेदवाराला वाचवण्यासाठी काही चालकांनी मुद्दाम वेग आवरला. दंड आणि निलंबने झाली. स्पर्धा स्वतः पुरेशी नाही असे ठरवून तिच्यावर कथानक लादले, की पात्रेही संगनमताने कथानक रचू लागतात. त्या वर्षीचा अजिंक्य जोई लोगानो आधी गाळलाच गेला होता. दुसऱ्या एकाची गाडी वजनात कमी भरल्याने तो परत आला. त्याचा सरासरी क्रमांक सतराच्या आसपास होता.

जानेवारी २०२६ मध्ये नॅस्कारने माघार घेतली. एका दिवसाचा निवाडा गेला; शेवटच्या दहा शर्यतींची बेरीज परतली. स्वागत करू, पण पूर्ण नाही. आधीच्या सव्वीस शर्यतींचे बहुतेक गुण अजूनही पुसलेच जाणार आहेत. फेब्रुवारीत, मार्चमध्ये, भर उन्हाळ्यात गाडीत बसणाऱ्याने ते गुण कमावलेले असतात. ते का पुसायचे, याचे उत्तर 'प्रेक्षक' याहून वेगळे कोणी दिलेले नाही, आणि हॅमलिनच्या शेवटच्या तीन फेऱ्या पाहणारेही प्रेक्षकच होते.