किशोरवयीन नैराश्य आणि शाळेचे काम

किशोरवयातील नैराश्य हा आजार आहे आणि त्याची पहिली दखल शाळेने घेतली पाहिजे, या म्हणण्यावर आपल्याकडे चार आक्षेप हमखास घेतले जातात. या वयात मुले लहरी असायचीच, हा पहिला. आत्महत्येचा विषय काढला की नसते विचार डोक्यात शिरतात, हा दुसरा. समुपदेशन शिक्षकही करू शकतात, हा तिसरा. आणि मानसोपचारतज्ज्ञांचाच तुटवडा असताना शाळांनी माणसे आणायची कुठून, हा चौथा.

पहिल्या आक्षेपात तथ्य आहे. रुसवा, चिडचिड, एकटे बसणे हे सगळे वयाचा भाग असू शकते आणि प्रत्येक उदास मुलाला रुग्ण ठरवणे घातकच ठरेल. पण फरक ओळखता येतो. लहर येते आणि ओसरते. नैराश्याची अवस्था किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज टिकते आणि झोप, भूक, अभ्यास, मैत्री अशा सगळ्यांवर पसरते. या वयात ते रडण्याऐवजी चिडण्यातूनही दिसू शकते, आणि इथेच गफलत होते. पुढच्या बाकावरची मुलगी मागे सरकते, वह्या अर्ध्या राहतात, पीटीच्या तासाला रोज डोके दुखते, मैत्रिणीने साधे काही विचारले तरी ती खेकसते. प्रगतिपुस्तकात शेरा पडतो : ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही.’ घरी त्याच वागण्याला ‘थेरं’ म्हणतात. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला. साठच्या पटाला हे प्रमाण लावले तर एका वर्गात चार मुले निघतात. ही चारही मुले ‘थेरं’ करतात असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप भीतीपोटी येतो, पण पुरावा त्याच्या विरोधात आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील शाळांमध्ये दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही मुलांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारले गेले, काहींना नाही. विचारल्यामुळे मुलांचा ताण वाढला नाही आणि तसे विचारही वाढले नाहीत. युरोपातील दहा देशांच्या 168 शाळांत झालेल्या, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तर मानसिक आरोग्यावर मुलांशी मोकळी चर्चा करणाऱ्या उपक्रमामुळे वर्षभरानंतर आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण लक्षणीय घटले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि त्यात महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता. गप्प बसल्याने मुले वाचत असती, तर हा आकडा इतका राहिला नसता.

तिसरा आक्षेप वरवर व्यवहार्य वाटतो. त्याची कसोटी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात लागली. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेशी संबंधित संशोधकांनी तेथील 74 सरकारी माध्यमिक शाळांत एकच कार्यक्रम दोन प्रकारे राबवला. काही शाळांत तो शिक्षकांकडे दिला, काही शाळांत ‘सेहर मित्र’ म्हणून स्वतंत्र व्यक्ती नेमली. मुलांच्या तक्रारींसाठी पेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, हवे त्याला एकट्याने बोलण्याची सोय, हे सारे दोन्हीकडे सारखेच होते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 2018 साली आलेला निष्कर्ष स्पष्ट होता. सेहर मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी आणि नैराश्याची लक्षणे कमी झाली. शिक्षकांकडे काम दिलेल्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. यात शिक्षकांना दोष देण्याचे कारण नाही. अभ्यासक्रम, परीक्षा आणि अशैक्षणिक कामे सांभाळून उरलेल्या वेळात हे काम होत नाही. शिवाय जी व्यक्ती गुण देते, पालकांना बोलावून घेते, तिच्यापाशी मन मोकळे करायला मूल कचरते.

चौथ्या आक्षेपाचे उत्तरही याच प्रयोगात आहे. सेहर मित्र मानसोपचारतज्ज्ञ नव्हते. प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेली साधी माणसे होती. प्रत्येक शाळेला डॉक्टर लागत नाही. ऐकून घेणारी, अडचण सोडवायला शिकवणारी आणि कोणाला डॉक्टरांकडे पाठवायचे हे ओळखणारी व्यक्ती लागते. अशी माणसे तयार करता येतात. त्यासाठी पद निर्माण करून पगार द्यावा लागतो, एवढेच.

म्हणून शाळेचे काम तीन पातळ्यांवर ठरते. पहिली सर्वांसाठी : अपमान आणि मारहाण नसलेली शाळा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केलेलीच आहे. दुसरी अडचणीतल्या मुलांसाठी : शाळेत ठरलेल्या वेळी, दार लावून बोलता येईल अशा खोलीत भेटणारा समुपदेशक. मुलाने सांगितलेले शिक्षक-खोलीत चघळले जाणार नाही, जिवाला धोका असेल तरच पालकांना कळवले जाईल, हा नियम मुलांना आधीच सांगितलेला हवा. तिसरी आजारी मुलांसाठी : जिल्हा रुग्णालयापर्यंतची ठरलेली वाट आणि उपचारानंतर वर्गात परत सामावून घेण्याची तयारी. रात्री-अपरात्रीसाठी ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक प्रत्येक वर्गात लावता येतो.

दहावी-बारावीच्या परीक्षेपुरती हेल्पलाइन चालवून ही जबाबदारी संपत नाही. अल्पवयीन मुलांच्या आत्महत्यांमागे परीक्षेतील अपयशाबरोबरच कौटुंबिक कारणे ठळक आहेत आणि ती वर्षभर असतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमण्यास आणि लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घेण्यास सांगितले आहे. हे पद एखाद्या शिक्षकाच्या नावापुढे जादा कार्यभार म्हणून लिहिले गेले, तर आदेशाचे कागदोपत्री पालन होईल आणि नालंदात जो मार्ग निष्फळ ठरला तोच पुन्हा निवडला जाईल.