मर्जी आणि नियम

भोसरी, सातपूर, शिरोली किंवा वाळूज यांपैकी कोणत्याही औद्योगिक वसाहतीत गेले, की मोठ्या कारखान्यांच्या भव्य फाटकांपलीकडे पत्र्याच्या शेडची एक लांबलचक रांग दृष्टीस पडते. कुठे ओतकाम, कुठे सुटे भाग, कुठे वेष्टने. प्रत्येक शेडमध्ये दहा-वीसपासून चाळीस-पन्नासपर्यंत माणसे. त्यांतल्या एखाद्याला वर्षाकाठी रजा किती मिळतात असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर येते : ‘साहेब देतील तेवढ्या.’ या उत्तरात तक्रार असतेच असे नाही. कित्येकदा त्यात कौतुकही असते. परंतु लहान उद्योगातील नोकरीचे सारे मर्म आणि तिचे सारे दुखणे या तीन शब्दांत सामावलेले आहे.

अशा उद्योगाचा आरंभ सामान्यतः सारखाच असतो. मालक स्वतः यंत्रावर उभा राहतो, घरातले कोणीतरी हिशेब पाहते, तीन-चार कारागीर हाताशी असतात. कोणाला किती पगार, कोणाच्या अंगावर किती उचल, हे मालकाला तोंडपाठ असते. कागदाची गरज भासत नाही आणि त्या वेळी ती खरोखरच नसते. माणसे वीस-तीस झाली, की तेच तोंडपाठ असणे अपुरे पडू लागते. जुन्या कारागिराने गावच्या यात्रेसाठी घेतलेले चार दिवस भरपगारी धरले जातात. नव्याने लागलेल्या मुलीची आजारपणातली दोन दिवसांची रजा बिनपगारी होते. एकाच यंत्रावर एकच काम करणाऱ्या दोघांच्या पगारात तफावत असते, कारण एक जण मंदीत लागला आणि दुसरा तेजीत. मालकाच्या मनात पक्षपात असतोच असे नाही. त्याने प्रत्येक निर्णय त्या त्या दिवशीच्या अडचणीनुसार घेतलेला असतो. पण कामगार निर्णय एकेकटे पाहत नाहीत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहतात.

‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे आहे,’ हे अशा वेळी दिले जाणारे ठरीव उत्तर. ते सर्वस्वी खोटे म्हणता येणार नाही. कामगाराच्या मुलाच्या प्रवेशासाठी बिनव्याजी रक्कम देणारे, रात्री-अपरात्री रुग्णालयात धाव घेणारे मालक लहान उद्योगांतच अधिक आढळतात. तथापि घर आणि कारखाना यांत एक मूलभूत भेद आहे. घरातल्या माणसाला महिन्याच्या नोटिशीवर काढून टाकता येत नाही. कारखान्यातल्या माणसाला येते. हा अधिकार ज्याच्या हाती आहे, त्याने आपुलकीची भाषा वापरली, तरी समोरच्या माणसाला त्या अधिकाराचा विसर पडत नाही.

महाराष्ट्रातील शिक्षकवर्गाला हा अनुभव परका नाही. खासगी शाळांतील शिक्षकांच्या सेवाशर्तींचे नियमन करणारा १९७७ चा कायदा आणि त्याखालील १९८१ ची नियमावली येण्यापूर्वी शिक्षकाची नोकरी बव्हंशी संस्थाचालकाच्या मर्जीवर अवलंबून होती. सगळेच संस्थाचालक दुष्ट नव्हते. कित्येकांनी स्वतःची जमीन विकून शाळा काढल्या होत्या. तरीही बडतर्फीविरुद्ध न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याची सोय झाली, तेव्हाच शिक्षकाला ताठ मानेने वर्गात उभे राहता आले. चांगुलपणा हा नियमाचा पर्याय होऊ शकत नाही, हा त्या लढ्याचा धडा होता. लहान उद्योगाला तो आज नव्याने गिरवायचा आहे.

कायद्याचे उंबरठे

यासाठी कामगार कायदे आहेतच, असे कोणी म्हणेल. अडचण अशी, की आपल्याकडील कामगार कायदे माणसे मोजून लागू होतात. उपदान दहा माणसांपासून, कर्मचारी राज्य विमाही साधारणपणे दहापासून, भविष्यनिर्वाह निधी आणि बोनस वीसपासून. दुकाने व आस्थापनांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा मुळात दहा माणसांपासून पूर्णपणे लागू होत असे. ती मर्यादा वीसवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. प्रत्येक आकडा हा एक उंबरठा आहे. त्याच्या आत कायदा आहे, बाहेर मर्जी. दहाव्या माणसाची नोंद हजेरीपुस्तकात होऊ नये, अशी धडपड मग सुरू होते, ती या उंबरठ्यांमुळेच.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अमलात आणल्या. त्यांत लहान उद्योगातील कामगाराच्या पदरी काही निश्चित पडले आहे. वेतनसंहिता आस्थापनेचा आकार न पाहता लागू होते. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत मिळाले पाहिजे आणि नोकरी सोडणाऱ्याचा किंवा काढलेल्याचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे, असे ती सांगते. व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा व त्याहून अधिक कामगारांच्या आस्थापनांत नियुक्तिपत्र सक्तीचे केले. पण याच संहितांनी दुसरीकडे एक पोकळी रुंद केली. नोकरीतील शिस्त, गैरवर्तनाची व्याख्या, चौकशीची रीत ही ज्यांत लिहिलेली असते, ते स्थायी आदेश १९४६ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मुळात शंभर कामगारांपासून लागू होते. औद्योगिक संबंध संहितेने ही संख्या तीनशेवर नेली. परिणामी चाळीस माणसांच्या कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी किती कापावा हे कायदा टक्केवारीनिशी सांगतो. कोणत्या वर्तनाला कोणती शिक्षा, हे मात्र कोठे लिहिलेले असण्याची सक्ती तो करीत नाही. ही रिकामी जागा मालकाने स्वतः नियमांनी भरावी किंवा मर्जीने भरावी, एवढेच दोन पर्याय उरतात.

कायदा येण्याची वाट न पाहणारे उद्योजक या देशात पूर्वीही होते. जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी सुरू झाला. टाटांच्या पोलाद कारखान्यात आठ तासांचा दिवस १९१२ मध्ये आणि भविष्यनिर्वाह निधी १९२० मध्ये आला. निधीचा सर्वसाधारण कायदा १९५२ चा. अर्थात, दातृत्वाची ही एकच बाजू पाहणे योग्य नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगाराला १० जून १८९० पासून रविवारची सुटी मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चालविलेल्या चळवळीमुळे. जे मालक स्वतःहून लिहून देत नाहीत, त्यांच्याकडून ते कधी ना कधी लिहून घेतले जाते. फरक पडतो तो मध्यंतरी साचलेल्या कडवटपणाचा.

कोऱ्या कागदावर काय लिहावे?

धोरण लिहायचे ठरले, की पहिला मोह होतो तो मोठ्या कंपनीची इंग्रजी नियमावली उतरवून घेण्याचा. ऐंशी पानांचे ते बाड कपाटात जाते आणि तेथेच राहते. ज्या नियमाचे पालन मालकाला स्वतःला करता येणार नाही, तो न लिहिलेलाच बरा. कारण मोडलेला नियम हा नसलेल्या नियमाहून अधिक अविश्वास निर्माण करतो. लहान उद्योगाला आठ-दहा पाने पुरेत. ती कामगाराला वाचता येतील अशा भाषेत, म्हणजे मराठीत आणि परप्रांतीय कामगार असतील तेथे हिंदीतही असावीत. छापण्यापूर्वी ती सर्वांसमोर वाचून दाखवावीत. आक्षेप त्याच वेळी निघतात आणि तेव्हाच ते स्वस्तात मिटतात.

आरंभ नियुक्तिपत्राने व्हावा : पद, काम, वेतन, त्यातील मूळ भाग व भत्ते, उमेदवारीचा काळ. वेतनाची तारीख, वेतनचिठ्ठी आणि जादा कामाचा दुप्पट दर ही पुढची पायरी. ‘तीन वेळा उशीर म्हणजे एका दिवसाचा पगार’ असले तोंडी दंड बंद व्हावेत. दंड करायचाच झाला, तर खुलाशाची संधी देऊन आणि त्या काळातील वेतनाच्या तीन टक्क्यांच्या आत, ही कायद्याचीच मर्यादा आहे.

रजेचा प्रश्न हा खरे तर हिशेबाचा प्रश्न आहे. कामाच्या प्रत्येक वीस दिवसांमागे एक भरपगारी रजा, हे कारखान्यांसाठी रुळलेले प्रमाण. ढोबळ मानाने वर्षाचे तीनशे कामाचे दिवस धरले, तर माणशी पंधरा रजा होतात. वीस माणसांच्या तीनशे. म्हणजे नेमका एका माणसाच्या वर्षभराच्या कामाइतका वेळ. वीस यंत्रांसाठी वीसच माणसे ठेवणारा मालक दर रजेच्या अर्जाला संकट समजतो, कारण एकविसावा माणूस त्याच्या हिशेबातच नसतो. रजा नाकारली जाते ती पुष्कळदा कठोरपणामुळे नव्हे, तर या न केलेल्या हिशेबामुळे. धोरण लिहायला बसल्याचा पहिला लाभ हा, की हा हिशेब मालकाला आधीच करावा लागतो.

शिस्तीच्या बाबतीत तीन पायऱ्या पुरेशा आहेत : आरोप लेखी द्यावा, खुलासा ऐकावा, निर्णय कारणांसह कळवावा. संतापाच्या भरात ‘उद्यापासून येऊ नकोस’ असे म्हणण्याची मुभा मालकाने स्वतःच सोडून द्यावी. स्त्री कर्मचाऱ्यांच्या तक्रारींबाबत २०१३ चा कायदा स्पष्ट आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि एक सदस्य बाहेरचा हवा. दहाहून कमी माणसांच्या ठिकाणी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. हे बहुतेकांना ठाऊकच नसते. म्हणून त्या समितीचा पत्ता भिंतीवर लावणे, हेही धोरणच आहे. इतर तक्रारींसाठी, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच ती ऐकणार नाही, एवढी तरी तजवीज असावी. लहान उद्योगात मालक आणि पर्यवेक्षक नात्यातले असतात, तेथे ही गोष्ट सोपी नाही. पण तेथेच तिची निकड सर्वाधिक आहे.

नियमांमुळे लवचिकपणा जातो आणि खर्च वाढतो, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. मोठ्या कंपनीकडून बिल तीन-तीन महिने येत नसताना सात तारखेला पगार करणे म्हणजे काय, हे लहान मालकालाच ठाऊक. परंतु पगार लांबणीवर टाकणे म्हणजे ते कर्ज कामगाराकडून, त्याला न विचारता आणि बिनव्याजी घेणे होय. लवचिकपणाचे उत्तर त्याहून सोपे आहे. नियमापेक्षा अधिक देण्याची मुभा मालकाला जरूर असावी. कमी देण्याची नसावी. आणि अधिक दिले, तर ते का दिले याची एक ओळ नोंदून ठेवावी. पुढच्या वेळी तशाच अडचणीत सापडलेल्या दुसऱ्या माणसाला ती ओळ दाखवता आली पाहिजे.

आज महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी फार थोड्यांना सरकारी नोकरीची सुरक्षितता लाभणार आहे. बहुसंख्यांची पहिली नोकरी अशाच एखाद्या शेडमध्ये किंवा दोन खोल्यांच्या कार्यालयात असेल. तेथे त्यांच्या हाती पहिल्या दिवशी एक कागद पडतो की केवळ पाठीवर एक थाप, यावर त्यांचे पुष्कळ काही ठरणार आहे. थाप देणारा हात उद्या आखडू शकतो. कागदावरची सही मात्र मालकाच्या बदलत्या मर्जीबरोबर बदलत नाही. आणि सही करणारा मालकही त्या दिवसापासून अधिक विश्वासार्ह ठरतो.