बंद करायला निघालेले विभाग

विद्यापीठाच्या खर्चाची चर्चा निघाली की एक मागणी हमखास पुढे येते. संशोधन समाजाच्या उपयोगाचेच हवे, बाकीच्या विभागांना टाळे लावा. मागणी करणारे लोक बहुधा प्रामाणिक असतात, म्हणून त्यांचे म्हणणे आधी नीट मांडतो. पूर्वपक्ष दुबळा करून मांडला तर खंडनाला अर्थ उरत नाही.

ते म्हणतात : राज्याकडे पैसा मोजका आहे. गावात दवाखाना नाही, शाळेला छप्पर नाही, आणि इकडे जनतेच्या करावर कुणी जुन्या नाण्यांची वजने करतो, कुणी तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर क्रमांक घालतो, कुणी मेंढपाळांच्या दैवतांच्या कथा गोळा करतो. या प्रबंधांपैकी किती वाचले जातात? किती नुसते इकडून तिकडे उतरवलेले असतात? त्यापेक्षा संगणक, औषधे, शेती आणि बांधकाम एवढ्यांवर सगळा जोर लावा. ज्याला संस्कृत शब्दांची हौस आहे त्याने ती स्वतःच्या खिशातून भागवावी.

यातला काही भाग मला मान्य आहे. पैसा मोजका आहे. उतरवलेले प्रबंध आहेत, आणि ते 'उपयोगी' समजल्या जाणाऱ्या विषयांतही आहेत. पण उपयोगी कोणते आणि निरुपयोगी कोणते हे आधीच ओळखता येते, हे या मागणीचे गृहीतक आहे, आणि तेच चुकीचे आहे.

ही छाटणी पुण्यात एकदा होऊन गेली आहे. जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीच्या आधाराने उभे राहिलेले डेक्कन कॉलेज १९३४ साली सरकारने खर्चाचे कारण देऊन बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत, ते न्यायालयात गेले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी संस्था पुन्हा उघडली, आता पदव्युत्तर संशोधनासाठी. भाषाशास्त्राला सुमित्र मंगेश कत्रे, पुरातत्त्वाला हसमुख सांकळिया, समाजशास्त्र व मानवशास्त्राला इरावती कर्वे. एकाही विषयाला बाजारात भाव नव्हता. आजच्या छाटणीवाल्यांनी ही तिन्ही नावे पहिल्याच बैठकीत खोडली असती.

त्या संस्थेने काय केले ते शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी जाऊन पाहावे. इनामगावला १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन चालले. सांकळिया, झैनुद्दीन अन्सारी आणि मधुकर ढवळीकर यांनी ताम्रपाषाणयुगातले एक अख्खे गाव उघडे केले. इ. स. पू. १६०० च्या सुमारास वसलेले आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास उजाड झालेले हे गाव. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या शेतकऱ्यांपैकी हे लोक. घराच्या जमिनीखाली, दोन रांजणांची तोंडे एकमेकांना भिडवून पुरलेली लहान मुले तिथे सापडली. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी बांधलेला बांध आणि पाट सापडला. जळून कोळसा झालेले जवाचे दाणे सापडले.

आता हे दाणे कुणाचे? पुरातत्त्वज्ञ त्यांच्याकडे बघून फक्त दाणे आहेत एवढे सांगेल. गहू की जव, रानटी की पेरलेला, हे वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्याने सांगायचे. हाडे शेळीची की हरणाची, जनावर कोणत्या वयात कापले, हे प्राणिशास्त्र जाणणाऱ्याने. माणसाच्या दातांवरून आहार आणि लहानपणीचे आजार वाचायचे ते शारीर मानवशास्त्राने. थराचे वय कार्बन-१४ ने, म्हणजे भौतिकीने. डेक्कन कॉलेजचे मोठेपण असे की यातली बरीच माणसे पुरातत्त्व विभागातच नेमलेली होती. हाडे ओळखणारा माणूस बाहेरून वर्षातून एकदा बोलवायचा पाहुणा नव्हता, तो व्हरांड्याच्या पलीकडच्या खोलीत बसत होता. 'एका विद्यापीठात एकच विषय पक्का करा' म्हणणाऱ्यांना या खोलीची किंमत कळलेली नाही.

हे सगळे जोडून पाहिल्यावर एक गोष्ट दिसली. सुरुवातीच्या काळात चौकोनी घरे, धान्याची शेती, पाटाचे पाणी. इ. स. पू. १००० च्या पुढे लहान गोल झोपड्या, शेती आटलेली, शेळ्यामेंढ्यांवर आणि शिकारीवर भर. ढवळीकरांनी याचा संबंध पाऊस कमी होत गेल्याशी लावला. पुढच्या काही अभ्यासकांनी त्यावर हरकती घेतल्या आहेत, आणि तो वाद विद्येला शोभणाराच आहे. पण प्रश्न कोणता आहे पाहा : पाऊस दगा देऊ लागला की भीमेच्या खोऱ्यातला शेतकरी काय करतो? पुणे, नगर, सोलापूरच्या माणसाला याहून जवळचा प्रश्न सांगा. तो विचारला गेला तो त्या क्रमांक घातलेल्या हाडांमुळे.

कोयना धरणाचे उदाहरण मला अधिक बोचते. धरण बांधणे हे उपयोगी ज्ञानातले अग्रगण्य. ते बांधल्यावर ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे भूकंप झाला, आणि जलाशयातल्या पाण्याचा भूकंपाशी संबंध काय, याचा अभ्यास करायला जगभरचे भूशास्त्रज्ञ कोयनेकडे वळले. पण पाण्याखाली गेलेल्या गावांतली माणसे कुठे गेली, त्यांना मिळालेली जमीन कसदार होती का, भावकी तुटल्यावर मुलींची लग्ने कुठे जमली, हे विचारायला अभियंत्याकडे साधन नव्हते. ते इरावतीबाईंकडे होते. जाई निंबकरांबरोबर त्यांनी कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली आणि १९६९ साली डेक्कन कॉलेजने ती प्रसिद्ध केली. आयुष्यभर नातेसंबंधांचा, म्हणजे कोण कुणाला मुलगी देतो याचा अभ्यास केलेल्या बाईंना गाव उठल्यावर नेमके काय मोडते ते दिसले. तो अभ्यास आधी कुणी 'निरुपयोगी' म्हणून थांबवला असता तर ही पाहणी करायला माणूसच तयार झाला नसता. माणूस घडायला वीस-तीस वर्षे लागतात. धरण भरल्यावर जाहिरात देऊन असा अभ्यासक मिळत नाही.

आणि नाण्यांची वजने? ती करणारे दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते, गोव्यात जन्मलेले, पालीच्या गाढ्या पंडिताचे चिरंजीव. हातोहात फिरून नाणे किती झिजते यावरून त्यांनी संख्याशास्त्राने प्राचीन नाण्यांचा क्रम लावला, भर्तृहरीची चिकित्सक आवृत्ती काढली. त्याच माणसाने फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना जनुकांमधले अंतर मोजण्याचे जे सूत्र दिले, ते आजही पिकांच्या नव्या जाती घडवणारे शास्त्रज्ञ कोसंबींच्याच नावाने वापरतात. शेतीला पैसा द्या म्हणणाऱ्यांनी हे सूत्र कोणत्या डोक्यातून आले ते लक्षात घ्यावे.

डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाची कुचेष्टा तर नेहमीची. १९४८ साली काम सुरू झाले, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या, पस्तीसच्या आसपास खंड निघाले, आणि अजून 'अ' संपलेला नाही. ही गती मलाही मान्य नाही. पण तिचे कारण कामाच्या निरर्थकतेत नाही, माणसे कमी असण्यात आहे. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि शेवटचा १९२८ मध्ये. चव्वेचाळीस वर्षे लागली, तरी त्या लोकांनी कोश पुरा केला. वेद, वैद्यक, गणित, शिल्प, न्याय अशा सगळ्या शास्त्रांत एकेका शब्दाचा अर्थ कसा बदलत गेला हे सांगणारा ग्रंथ वर्षभरात मागणे म्हणजे आंब्याचे रोप लावून त्याच उन्हाळ्यात फळाची वाट पाहणे.

खरा दोष मोजमापात आहे. २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आली आणि सगळ्या विषयांना लेखांच्या संख्येचा एकच गज लागला. त्या गजाने बोगस नियतकालिकांचा धंदा वाढवला. उत्खननाचे मोजमाप अंतिम अहवालाने व्हावे, कारण खणलेली जागा पुन्हा खणता येत नाही आणि अहवाल नसेल तर ते उत्खनन केवळ नासधूस ठरते. इनामगावचा अहवाल १९८८ मध्ये आला, खणणे थांबल्यावर पाच वर्षांनी. कोशाचे मोजमाप खंडांनी व्हावे, लोकदैवतांच्या अभ्यासाचे मोजमाप गोळा केलेल्या आणि जपून ठेवलेल्या सामग्रीने व्हावे. प्रयोगशाळेचा गज प्रयोगशाळेला ठेवा. ज्याने उतरवलेला प्रबंध दिला त्याची पदवी काढून घ्या, मार्गदर्शकालाही जाब विचारा. त्यासाठी विभाग बंद करावा लागत नाही.

तुमच्या विद्यापीठाच्या अधिसभेत एखादा विभाग विद्यार्थी कमी म्हणून बंद करण्याचा ठराव आला, आणि तुम्ही तिथे पदवीधरांचे प्रतिनिधी असाल, तर त्या विभागात शेवटची पूर्ण वेळ नेमणूक कोणत्या वर्षी झाली ते आधी विचारा. उत्तर सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या. मग ठरावाच्या विरोधात मत द्या.