हारतुरे पुरे, रेफरल द्या

ऑगस्ट-सप्टेंबर आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच फोटो फिरतो. विहाराचा हॉल, मागे बॅनर, मधोमध बावरलेला पोरगा नाहीतर पोरगी, हातात पुष्पगुच्छ. वस्तीतला पहिला विद्यार्थी लंडनला चालला! अशा कार्यक्रमांना आम्हीही जातो, टाळ्या वाजवतो. भाषणं ठरलेली. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियाला गेले, शिकून परत आले. तूही शिक, परत ये, समाजाचं ऋण फेड.

वर्षभरानं ते पोरगं खरंच परत येतं. तेव्हा मात्र फोटो नसतो. हातात डिग्री, नोकरी नाही, आणि जो तो विचारतो, "तिकडं जमलं नाही का?" दुसरं एखादं तिकडंच नोकरीला लागतं, तर त्याच्याबद्दल बोललं जातं, "समाजाला विसरला." म्हणजे आला तर नापास, राहिला तर गद्दार. आमचं भांडण या दोन्ही वाक्यांशी आहे.

आधी इतिहास नीट सांगूया. बाबासाहेब १९१७ ला परतले, कारण सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली होती आणि बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करण्याचा करार होता. त्या बडोद्यात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावानं बाहेर काढलं. पुढं त्यांनी सिडनहॅम कॉलेजात शिकवलं, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० ला पुन्हा लंडन गाठलं. आपल्या व्यासपीठांवर "परत आले" एवढंच सांगतात. मधला मित्र, मधले पाच हजार गाळून टाकतात. आमच्या मते पोरांना तेच आधी सांगायला हवं.

कुणी लगेच १९५६ चं आग्र्याचं भाषण काढेल. शिकलेल्यांनी धोका दिला, हे बाबासाहेबांचं दुःख आम्हालाही ठाऊक आहे. पण तो राग नोकरी मिळाल्यावर समाजाकडं पाठ फिरवणाऱ्यांवर होता. ज्याला अजून पहिला पगारच मिळालेला नाही, त्याच्याकडं 'पे बॅक'ची पावती मागणं हा कुठला न्याय?

आता ब्रिटनचंच बघा, कारण आपली खूपशी मुलं तिथं एक वर्षाच्या मास्टर्सला जातात. कोर्स सप्टेंबरात सुरू होतो. मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या वर्षाच्या भरतीचे अर्जही त्याच सुमारास उघडतात, काहींचे दिवाळीपर्यंत बंद होतात. म्हणजे पोरगं अजून बँकेचं खातं उघडण्याच्या रांगेत आणि नोकरीचं पहिलं दार बंद. ज्याचा मामा किंवा सीनियर आधीच तिथं आहे, तो जुलैतच सीव्ही घेऊन तयार असतो. आपलं पोरगं प्रबंध जमा करून पुढच्या सप्टेंबरात विचारतं, "आता काय करायचं?" याला मेरिट म्हणायचं का? ही आधी मिळालेली माहिती आहे, आणि माहितीलासुद्धा जात असते.

सत्र चालू असताना आठवड्याला वीसच तास काम करता येतं. शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला की हे वीस तास हॉटेलात भांडी घासण्यात जातात, अनुभव म्हणून सीव्हीवर काहीच चढत नाही. मग पदवीनंतरचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा. २०२१ पासून दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना दीडच वर्ष मिळेल (पीएचडीवाल्यांना तीन वर्षं). त्यासाठी आरोग्य अधिभार वर्षाला १०३५ पौंड, तोही सगळ्या मुदतीचा एकदम आगाऊ. दोन वर्षांचे दोन लाख रुपयांच्या वर झाले, अर्जाचं शुल्क वेगळं. आणि हे नेमकं कधी भरायचं? दरमहाचा निर्वाहभत्ता थांबतो तेव्हा. हुशारी कमी पडली म्हणून नाही, त्या महिन्यात एवढे पैसे उभे करणारं कुणी नव्हतं म्हणून पोरं विमानात बसतात.

पुढचा टप्पा स्किल्ड वर्कर व्हिसा. त्याला सरकारी यादीतलाच मालक लागतो. यादी इंटरनेटवर जाहीर आहे, तरी कित्येकांना माहीत नसते. पगाराची सर्वसाधारण मर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड, नवख्यांना सवलतीनं किमान ३३,४०० पौंड. आमच्यासारख्या समाजशास्त्रवाल्यांना सामाजिक संस्थेत सुरुवातीलाच एवढा पगार मिळणं अवघड, हे कोर्स निवडतानाच कळायला हवं. कन्सल्टंट ते सांगत नाही. त्याचं कमिशन प्रवेशावर असतं, नोकरीवर नाही.

आणि जात विमानतळावर सुटत नाही. भारतीयांच्या गोतावळ्यात रेफरल मागायला गेलं की आडनाव, गाव, मग "म्हणजे नक्की कुठले?" अमेरिकेत सिॲटल शहरानं २०२३ ला जातिभेदावर बंदी आणली, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरनं तसं विधेयक नाकारलं. ब्रिटननं समानता कायद्यात जात स्पष्टपणे घालायची नाही असं २०१८ ला जाहीर केलं. तेव्हा त्या गोतावळ्याच्या भरवशावर बसून चालणार नाही.

परतीची अट असलेल्या शिष्यवृत्तीवर सही केली असेल तर ती पाळा. सहीआधी बंधपत्र शब्दन् शब्द वाचा. बाकीच्यांना आम्ही सांगतो, राहा, कमवा, पाय रोवा. आणि तिकडं आधीच स्थिरावलेल्या आपल्या बांधवांनो, १४ एप्रिलचे फोटो टाकता ते चांगलंच आहे, पण वर्षाला दोन पोरांचे सीव्ही वाचा, आपल्या ऑफिसात त्यांचं नाव पुढं करा. इथल्या मंडळांनी हारतुरे, बॅनर, जेवणावळीचा खर्च त्या शेवटच्या सप्टेंबरासाठी उसना म्हणून बाजूला ठेवावा. नोकरी लागली की पोरगं फेडेल, ते पैसे पुढच्याला मिळतील.

यंदाच्या सत्काराचं आमंत्रण आलंय. आम्ही जाणार आहोत. भाषण करणार नाही, त्या मुलीजवळ बसून तिचा सीव्ही बघणार आहोत.

जय भीम!