टायटॅनियमचा मोह

गेल्या महिन्यात एक तरुण मोठ्या कौतुकाने एक कॅमेरा घेऊन माझ्याकडे आला. ‘फादर, हातात तर घेऊन पाहा,’ म्हणाला. घेतला. टायटॅनियमचे थंड, गुळगुळीत कवच आणि कार्ल झाइसची ३८ मि.मी. सोनार लेन्स. कॉन्टॅक्स टी-२, जपानच्या क्योसेरा कंपनीने १९९० च्या सुमारास बाजारात आणलेला. वस्तू देखणी आहे, हे मी नाकारीत नाही. मात्र किंमत ऐकताच मी तो जपून टेबलावर ठेवला. आईच्या भिशीची सारी रक्कम त्यात गेली होती.

ही किंमत कोणी चढविली? २०१७ साली केंडल जेनर या अमेरिकी मॉडेलने दूरचित्रवाणीवरील एका गप्पांच्या कार्यक्रमात हाच कॅमेरा मिरविला, आणि त्यानंतर वापरलेल्या टी-२ चे भाव चढतच गेले. समर्थक मात्र लेन्सकडे बोट दाखवितात. लेन्स उत्तम आहे, त्याविषयी वाद नाही. पण याच कंपनीने त्याच सुमारास याशिका टी-४ हा प्लॅस्टिकचा कॅमेरा काढला होता आणि त्यालाही झाइसचीच टेसर लेन्स होती! १९९७ च्या ऑलिंपस म्यू-२ ला तर एफ २.८ ची लेन्स असून तो पावसाच्या शिंतोड्यांनाही दाद देत नसे. (आता त्यांचेही भाव वाढले आहेत, मेंढरामागे मेंढरू, दुसरे काय!)

बरे, प्रत्यक्ष वापराचे काय? टी-२ चे कडे २.८ च्या खुणेवर ठेवले की छिद्र किती उघडायचे ते यंत्र स्वतःच ठरविते. शटरचा कमाल वेग १/५०० सेकंद. ४०० आयएसओची फिल्म घालून भर उन्हात बाहेर पडलात, तर ज्या विशाल छिद्रासाठी पैसे मोजले ते जवळजवळ मिटलेलेच राहणार. शिवाय अंतर मोजले जाते ते चौकटीच्या मध्यावर. दोन माणसे शेजारी उभी केली, तर त्यांच्यामधून मागची भिंत रेखीव येते आणि माणसे धूसर. आपण पाहतो ती खिडकी लेन्सपासून वेगळी असल्याने ही चूक कळते रोल धुऊन आल्यावरच. उपाय सोपा आहे: आधी एकाच्या चेहऱ्यावर मध्य धरून बटण अर्धे दाबावे, ते तसेच धरून मग चौकट जुळवावी. आमच्या या तरुणाला हे कोणी सांगितलेच नव्हते. पहिल्या रोलमधले त्याच्या आजी-आजोबांचे दोन्ही फोटो असेच गेले.

आणि बिघडल्यावर? क्योसेराने २००५ साली कॉन्टॅक्सचा व्यवसाय गुंडाळला. आतील विद्युत्-मंडल निकामी झाले, तर कारागिराला दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याचे अवयव शोधावे लागतात. याउलट १९६६ चा रोलाय ३५ पाहा. तोही खिशात मावतो, शटर संपूर्ण यांत्रिक, आणि बॅटरी लागते ती केवळ प्रकाशमापकाला. अंतर तेवढे डोळ्यांनी अजमावावे लागते.

फोनवर दिवसाला शंभर चित्रे काढून फिल्मवाल्यांना हसणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. छत्तीसच फोटो हाती असले की माणूस बटण दाबण्यापूर्वी क्षणभर थांबतो, हे मी अनुभवाने जाणतो. पण तो संयम कोणत्याही साध्या कॅमेऱ्यात रोल घातला की मिळतो. २०२४ मध्ये पेंटॅक्सने हाताने फिल्म सरकवायचा नवाकोरा ‘१७’ काढला. त्यात अर्ध्या चौकटीमुळे त्याच रोलवर बहात्तर चित्रे निघतात. मग तीस वर्षे जुन्या यंत्रावर घरची पुंजी का उधळावी?

हे सारे मी त्या तरुणाला ऐकविले. विकायला तो तयार नाही. ‘मग निदान वापर तरी, आणि पुढचा रोल आईवर खर्च कर,’ असे मी सुचविले. गेल्या रविवारी पुन्हा भेटला. कॅमेरा गळ्यात होता. किती फोटो झाले म्हणून विचारले, तर आत रोलच नव्हता.